एका खिडकीपुढे दोन रांगा

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. अशा महापुरात वीज खंडित झाली की मोबाईलचे मनोरे बॅटरी वा जनित्र चालेल तोवरच तग धरतात. त्यानंतर मनोऱ्याविना परस्परांशी बोलणारा वॉकीटॉकी हाच आधार उरतो. हे संच आता डिजिटल होत आहेत.

जुन्या अ‍ॅनालॉग संचात आवाजाचे चढउतार थेट रेडिओलहरींवर स्वार होतात. डिजिटल संच आधी आवाजाचे अंक करतो. युरोपच्या ईटीएसआय संस्थेने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएमआर मानकाच्या संचांत आवाजासाठी सामान्यतः सेकंदाला 3,600 बिट जातात. पैकी 1,150 केवळ चुका दुरुस्त करण्यासाठी. (ताळ्याचे महत्त्व बँकवाल्यांना वेगळे सांगावयास नको!) शिवाय 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच मार्गावर 30 मिलिसेकंदांच्या आळीपाळीने दोन संभाषणे चालतात. एका रोखपालाने दोन रांगांतील माणसे आलटून पालटून, पण कोणासही थांबल्याची जाणीव न होऊ देता, उरकावीत तसे. टेट्रा मानकात 25 किलोहर्ट्झमध्ये अशा चार रांगा असतात.

मात्र डीएमआरचा संच टेट्राची भाषा जाणत नाही, आणि अमेरिकेच्या पी-25 ची तर दोघांनाही कळत नाही. सांगलीचा धनादेश साताऱ्यात वटतो, कारण तळाची चुंबकीय शाईची पट्टी सर्व बँका एकाच नमुन्यात छापतात. येथे तसा एकच नमुना नाही. महापुरात लष्कर, नौदल, एनडीआरएफ आणि गावातील तरुण एकाच पाण्यात उतरतात. त्यांचे संच परस्परांस मुके ठरले तर होडी कोणत्या गल्लीत हवी, हे कळवायचे कसे? डीएमआरचे बहुतेक संच अ‍ॅनालॉगवरही चालतात. म्हणून एक सामाईक अ‍ॅनालॉग चॅनेल पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोयनेच्या खोऱ्यात आणखी एक अनुभव येऊ शकतो. सिग्नल क्षीण होताना अ‍ॅनालॉगची खरखर वाढते, तरी अर्थ लागतो. डिजिटल आवाज बराच काळ स्वच्छ राहतो आणि मग एकाएकी तुटतो.

सहलीसाठी ऑनलाइन संच घेणाऱ्यांनी हेही पाहावे : आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. त्यापलीकडच्या संचांसाठी तो सहसा लागतोच. हौशी रेडिओची परीक्षा मात्र वयाची 12 वर्षे पूर्ण केलेल्या नातवंडांनाही देता येते.