शेंदरी आकड्यांचं घड्याळ

अकरावीतल्या नातवाने पुण्यात निक्सी नळ्यांचं घड्याळ करायला घेतलंय आणि घरात दोन तट पडलेत. सूनबाई म्हणते, विजेशी खेळ नको. मी नातवाच्या बाजूचा.

ही नळी १९५५ साली अमेरिकेतल्या बरोज कंपनीने बाजारात आणली. काचेच्या आत निऑन वायू आणि शून्य ते नऊ आकड्यांच्या तारा एकामागे एक. ज्या तारेला वीज मिळेल तिच्याभोवती शेंदरी उजेड. आपल्या टेस्टरमधला चिमुकला दिवा तिचा सख्खा भाऊच!

सूनबाईची काळजी खोटी नाही. अ‍ॅडाप्टर १२ व्होल्टचा असला तरी नळी पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात, ते सर्किट चढवून देतं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते. निऑन एकदा पेटला की मिळेल तेवढा प्रवाह ओढतो, म्हणून रेझिस्टर हवाच. (टेस्टरमध्येही तो असतो, म्हणून तर आपण बिनधास्त बोट लावतो.)

पण नुसतं "हात लावू नको" सांगून कुणाला वीज कळलीय? वर्गात मुलं ओहमचा नियम घोकतात. इथे गणित चुकलं तर नळी जळते, आणि नळ्या जुन्या सोव्हिएत साठ्यातल्या, किती दिवस मिळणार...

अटी माझ्याही आहेत. चालू सर्किटला हात नाही, मोजताना एक हात पाठीमागे, कपॅसिटर रिकामा झाल्याचं मल्टीमीटरवर बघायचं. आणि सूनबाई, शेजारी तूच बस. मी केदारखेड्याहून फोनवर असेनच, लाईट असली तर.