छायाचित्रातले गवत

‘वर्ल्ड गोल्फ टूर’ या ऑनलाइन खेळात सेंट अँड्र्यूजचे मैदान प्रत्यक्ष छायाचित्रांतून उभे केले आहे, आणि तेवढ्या बळावर त्याला वास्तवदर्शी म्हटले जाते. वास्तववादाचा इतका स्वस्त अर्थ आपण कादंबरीच्या बाबतीत तरी खपवून घेतला नसता. पीजीए टूरवर साठाच्या आतली पहिली फेरी अल गायबर्गरची, १९७७ मधली, ५९ फटक्यांची. जिम फ्युरिकने २०१६ मध्ये ती ५८ वर आणली. या खेळात मुरलेल्यांना असे आकडे नित्याचेच.

मग काठिण्य कसे आणायचे? तर अचूक क्षणी टिचकी मारली तरी चेंडू किंचित भरकटवायचा! समर्थक म्हणतात, वास्तवातही असेच घडते. साफ चूक. मैदानावर चेंडू भरकटतो तो वाऱ्याने, उताराने, मनगटाच्या हलगर्जीने. ते कारण शोधता येते. येथे आपत्ती येते ती शेवटच्या प्रकरणात नायकावर वीज पाडणाऱ्या लेखकाच्या लहरीसारखी. गवत आणि वारा यांचे नियम कठोर केले असते तर खेळ आपोआप अवघड झाला असता. त्याऐवजी मापकाची गती मंदावणारे चेंडू तेथे विकायला ठेवले आहेत.