दुखतात सांधे, ताठतात धमन्या

‘आर्थ्रायटिस? तुला? तो तर आजीला होतो ना!’ गेल्या सहा वर्षांत हा डायलॉग इतक्यांदा ऐकलाय की आता मी नुसती हसते. मंडळी, आजीचा असतो तो झिजेचा. माझा आहे ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. यात शरीराची सिक्युरिटीच घरच्या माणसांवर लाठी चालवते. तो पंचविशी-तिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

पण आज सांध्यांबद्दल नाही, हृदयाबद्दल बोलायचंय. कारण ही आतली धुमस बोटांच्या पेरांत गप्प बसून राहत नाही. ती रक्तातून सगळीकडे फिरते. आमवात, सोरायसिस, ल्युपस, आतड्यांचा क्रोन्स डिसीज... आजार वेगळे, पण धुमस सगळ्यांत. आणि तिचा झटका धमन्यांनाही बसतो.

फंडा सोपा आहे. गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचा रबरी पाइप आठवा. नवा असतो तेव्हा लवचिक, चार उन्हाळे खाल्ले की कडक. हृदयातून निघणारी महाधमनी अशीच. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, धक्का जिरवते, मग आकसून रक्त पुढे ढकलते. वयानुसार तिच्यातलं लवचिक इलॅस्टिन झिजतं आणि ताठर कोलॅजन वाढतं. सततच्या दाहामुळे हे सगळं लवकर होतं. मग वरचं ब्लडप्रेशर चढतं आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो.

हा ताठरपणा मोजता येतो. मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लाट किती वेगानं पोचते ते बघायचं. पाइप जितका कडक, तितकी लाट सुसाट. सेकंदाला १० मीटरच्या वर गेली तर डॉक्टर भुवया उंचावतात. ही टेस्ट रुटीन नाही, त्यामुळे लगेच लॅब शोधायला धावू नका.

खरी गोम पुढेच आहे. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की आपण खूश! पण आमवात भडकलेला असताना कोलेस्टेरॉल उलट खाली येतं, आणि हृदयाचा धोका मात्र वाढलेला असतो. माझ्या चेकअपच्या फॉर्मवर सिगरेट, शुगर, वडिलांचं हार्ट सगळं विचारलं होतं. सांध्यांबद्दल एक चौकोनही नव्हता. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ संघटनेनं २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत सांगितलं, की नेहमीच्या कोष्टकात आमवात धरलेला नसेल, तर आलेल्या धोक्याला १.५ नं गुणा.

दाह आणि हृदयाचं नातं किती पक्कं? २०१७ मध्येच ‘कँटोस’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि रक्तात दाहाच्या खुणा असलेले १०,००० हून जास्त पेशंट त्यात होते. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं, तर एका डोसच्या गटात पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणी इन्फेक्शन्स मात्र वाढली, त्यामुळे ते औषध हृदयासाठी सर्रास वापरात आलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

मग आपण करायचं काय? पहिलं, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मूळ आजाराची औषधं परस्पर बंद करायची नाहीत. दाह आटोक्यात ठेवणं ही हृदयाचीही ट्रीटमेंट आहे. दुसरं, डेडलाइनच्या आठवड्यात पेनकिलरच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायच्या नाहीत. यातल्या बऱ्याच गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर हृदयाला महागात पडतात. स्टिरॉइड्स बीपी आणि शुगर दोन्ही चढवतात, तेव्हा त्यांचा डोस डॉक्टरच ठरवणार. तिसरं, सिगरेट. ती धमन्या तर बिघडवतेच, आमवातालाही आमंत्रण देते. चौथं, झेपेल तेवढं रोज चाला, पोहा. सुजलेल्या दिवशी विश्रांती घ्या, सुटीचा महिना नको.

आणि पुढच्या अपॉइंटमेंटला संधिवाताच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझा बीपी, लिपिड, शुगर शेवटचं कधी बघितलं?’ सांधा दुखला की आरडाओरडा करतो. धमनी बिचारी बोलत नाही. तिच्या वतीनं आपणच विचारायला हवं ना!