जन्मरत्न: परंपरा नेमकी कोणाची?

१/ बारामती वा इंदापूरच्या सराफी पेढीवर साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी पाहताना तिच्यात ‘जन्मरत्न’ही बसवायचे ठरले, की प्रश्न येतो: महिना कोणता? जुलै असेल तर माणिक, सप्टेंबर असेल तर नीलम.

२/ ही महिनेवार यादी पुरातन भासते. तिचे प्रमाणित रूप मात्र १९१२ मध्ये अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने निश्चित केले.

३/ आपल्याकडील नवरत्नांची मांडणी निराळी आहे. तेथे रत्न महिन्याचे नसून ग्रहाचे असते: माणिक रवीचे, नीलम शनीचा, हिरा शुक्राचा. निवड पत्रिकेवरून होते. म्हणूनच केवळ सप्टेंबरचा म्हणून घेतलेला नीलम पाहून घरातील वडीलधारे बिचकतात.

४/ सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्या परीक्षेचे अध्याय आहेत. जन्ममहिन्यांची यादी तेथेही नाही.

५/ माझ्या मते, महिन्याचे रत्न आवडले तर ते आनंदाने घ्यावे. प्रिय व्यक्तीची आठवण म्हणून त्याचे मोल पुरेसे आहे. परंतु शतकभराच्या व्यापारी यादीला ‘आपली हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून कोणी विकू लागले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथेच थांबून विचारावे: कोणती परंपरा, आणि केव्हापासूनची?