सुटीतले शिक्षण, शिक्षकांचे

मे महिन्यात नरखेड तालुक्यातील शाळांना सुटी असते आणि संत्र्याच्या बागांत आंबिया बहराची कोवळी फळे वाढत असतात. त्यांतील बरीचशी गळून पडतात. ती का गळतात, हा प्रश्न बागायतदाराइतकाच व्यापाऱ्यालाही पडतो, कारण हंगामाचा सारा हिशेब त्यावर अवलंबून असतो. विज्ञानाच्या तासाला मात्र हा प्रश्न क्वचितच निघतो. शिक्षकाकडून पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याची अपेक्षा असते. स्वतः शोध घेण्याची संधी त्याला सहसा मिळत नाही.

ही संधी देण्याचा एक मोठा प्रयत्न नरखेडवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, इटारसीच्या पलीकडे, होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात झाला. १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ व ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तेथील १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. त्यासाठी उन्हाळ्यात शिक्षकांची तीन-तीन आठवड्यांची शिबिरे भरत. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातील अभ्यासक तेथे खेड्यातील शिक्षकांसोबत बसत. शिक्षक स्वतः प्रयोग करीत, फसलेला प्रयोग पुन्हा करीत आणि ‘उत्तर काय?’ याआधी ‘कशावरून?’ असे विचारू लागत. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये त्यातून ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. २००२ मध्ये राज्य शासनाने तो थांबविला. योजना थांबली, शिक्षकांच्या अंगी बाणलेली शोधवृत्ती मात्र आदेशाने परत घेता येत नाही.

आजही वाटा बंद नाहीत. भारतातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीत विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही प्रयोगशाळेत काम करता येते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे. नागपुरात तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहे. तेथील संशोधकांच्या मार्गदर्शनाने एखाद्या शिक्षकाने दहा झाडांखालची गळलेली फळे दर आठवड्यास मोजली, पाण्याच्या पाळ्या व तापमान टिपले, तर जूनमध्ये तो वर्गात स्वतःची नोंदवही घेऊन येईल. पाण्याचा ताण, अन्नद्रव्यांची उणीव की बुरशी, हे मुले त्या आकड्यांवरून तपासू लागतील.

व्यापारी कुटुंबांनी शाळांना इमारती दिल्या, पाण्याच्या टाक्या दिल्या. त्यांवर दात्यांची नावे आहेत. परंतु इमारतीवर पहिल्या वर्षापासून घसारा लागतो. एका शिक्षकाच्या तीन आठवड्यांच्या प्रवासाचा, निवासाचा आणि थोड्या साहित्याचा खर्च एका वर्गखोलीच्या खर्चापुढे अल्प आहे, आणि तो शिक्षक पुढे अनेक वर्षे नव्या तुकड्यांना शिकवीत राहतो. शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर असलेल्या सदस्यांनी पुढील अंदाजपत्रकात एवढी एक ओळ घालून घ्यावी. अर्ज आणि परवानग्यांची तयारी दिवाळीनंतरच सुरू केली, तर पुढचा मे महिना हातचा जाणार नाही.