सफर कोणाची, कुरण कोणाचे?

वाशिम जिल्ह्याच्या विकासाचा विषय निघाला की अलीकडे पर्यटनाचा उल्लेख हटकून होतो. पोहरादेवी आहे, कारंज्याचे गुरुमंदिर आहे, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, वाशिमचा बालाजी आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, याचा अभिमान आहे. भरीला कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला. आता प्रवासी दाराशी आला आहे, त्याला दोन दिवस थांबविले की जिल्ह्याचे दैन्य फिटेल, असा हा युक्तिवाद आहे. २००६ च्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत आणि २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही ज्या जिल्ह्याचे नाव आले, तेथील माणसाला अशा बोलण्याचा मोह पडावा यात नवल नाही.

पर्यटनाला आपला तत्त्वत: विरोध असण्याचे कारण नाही. कष्टकरी माणसालाही माळावर उधळणारा हरणांचा कळप पाहण्याचा हक्क आहे. परंतु कोणताही नवा व्यवसाय आला की समाजवादी कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावयाचे असतात. ज्या साधनावर तो उभा राहणार ते कोणाच्या मालकीचे? त्याची किंमत कोण मोजणार? आणि त्याचा नफा कोणाच्या हाती पडणार? या प्रश्नांची उत्तरे कागदावर येण्यापूर्वीच स्वागताच्या कमानी उभारल्या गेल्या, तर पुढे काय होते याचा धडा पूर्व आफ्रिकेने जगापुढे मांडून ठेवला आहे.

सफारी हा शब्दच पाहा. तो स्वाहिली भाषेतला, मूळ अरबी. आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ. स्वाहिलीत त्याचा अर्थ साधा प्रवास, मग तो व्यापाऱ्याचा असो की बाजाराला निघालेल्या बाईचा. गोऱ्या शिकाऱ्यांनी तो उचलला आणि त्याला तंबू, बंदुका आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या हमालांची रांग चिकटली. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. साहेबाचा छंद बदलला, परंतु ओझे वाहणारा मात्र ओझेच वाहत राहिला.

टांझानियातील सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या मसाई लोकांना ब्रिटिश सरकारने १९५९ मध्ये बाहेर काढले आणि शेजारच्या न्गोरोंगोरोच्या पठारावर माणसे व वन्यप्राणी एकत्र राहतील असे आश्वासन दिले. १९७५ मध्ये तेथे शेती करण्यास बंदी आली. पुढे लोकसंख्या आणि गुरे वाढल्याचे कारण सांगून मसाईंनी तेथूनही उठावे, शेकडो किलोमीटर दूरच्या हांडेनी जिल्ह्यात वसावे, यासाठी सरकारने योजना आखली. जून २०२२ मध्ये लगतच्या लोलियोंडो भागात १,५०० चौरस किलोमीटर कुरणाच्या सीमा आखण्यास सुरक्षा दले उतरली. विरोध करणाऱ्या गुराख्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, एक पोलिसही मारला गेला, आणि अनेक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात पळाली. त्या भागात १९९० च्या दशकापासून संयुक्त अरब अमिरातीतील धनिकांसाठी शिकारीचा परवाना चालत आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘वन्यजीव संरक्षण’ या शब्दाच्या आड काय काय दडू शकते याची कल्पना येते. दक्षिण टांझानियातील रुआहा उद्यानाच्या विस्तारासंबंधी अशाच तक्रारी आल्यानंतर जागतिक बँकेला पर्यटनवाढीचा आपला प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळावा लागला.

हे ज्या देशात घडले त्याचा इतिहास आपल्याला परका नाही. सफारीच्या गाड्या ज्या अरुशा शहरातून सुटतात, त्याच शहराच्या नावाने ज्यूलियस न्येरेरे यांचा १९६७ चा समाजवादाचा जाहीरनामा ओळखला जातो. याच न्येरेरे यांनी १९६१ साली त्याच अरुशा शहरात वन्यप्राण्यांच्या रक्षणाची हमी जगाला दिली होती. पैसा परदेशी पर्यटकाकडून यावयाचा आणि सत्ता मात्र शेतकऱ्या-गुराख्याकडे राहावयाची, हे दोन्ही एकत्र जमते काय? १९७० च्या सुमारास दार-ए-सलामच्या तरुण विचारवंतांनी वृत्तपत्रातून नेमका हाच वाद घातला. १९७३ मध्ये इसा शिवजी यांनी तो ‘पर्यटन आणि समाजवादी विकास’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली पुस्तकरूपाने संपादित केला. पाहुण्याची चाकरी हाच ज्या अर्थव्यवस्थेचा कणा होतो ती आपल्या गरजांकडे न पाहता पाहुण्याच्या आवडीनिवडीकडे पाहू लागते, हा त्या वादातील टीकाकारांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. त्यांची भीती किती रास्त होती हे महामारीने दाखविले. २०१९ मध्ये टांझानियात सुमारे पंधरा लाख परदेशी प्रवासी आले होते; २०२० मध्ये ही संख्या सव्वासहा लाखांच्या आसपास घसरली. गाडीवान, वाटाडे, खानसामे एका हंगामात बेकार झाले.

वाशिम म्हणजे सेरेंगेटी नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे १८.३२ चौरस किलोमीटर आहे. परंतु आकार लहान म्हणून प्रश्न लहान होत नाही. उलट एवढ्या लहान तुकड्यात काळवीट कोंडून राहत नाही. अभयारण्याची हद्द त्याला ठाऊक नाही. सोयाबीनचे कोवळे कोंब आणि हरभऱ्याचे शेंडे मात्र ठाऊक आहेत. म्हणजे सरकारच्या दप्तरी जे अठरा चौरस किलोमीटर आहे ते प्रत्यक्षात भोवतालच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वावरात पसरलेले आहे. काळवीट, रोही आणि रानडुक्कर यांचा चारा तो शेतकरी पुरवितो. रात्री जागल करतो, दिवसा मजुरीला जातो. पीक गेल्यावर नुकसानभरपाईसाठी अर्ज, पंचनामा आणि खेटे हे त्याच्या वाट्याला येतात. महामार्गासाठी जमीन त्यानेच दिली. तोच महामार्ग या अभयारण्याला आणि काटेपूर्णा अभयारण्याला छेदून गेला, आणि प्राण्यांसाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधावे लागले. उद्या या हरणांच्या दर्शनाला तिकीट लागले, तर त्या तिकिटात या शेतकऱ्याचा वाटा किती? ज्याच्या वावरात कळप पोसला गेला त्याला पर्यटनाचा भागीदार मानण्याची भाषा अजून कोणी बोलत नाही. फार तर त्याच्या मुलाला फाटकावर रखवालदाराची नोकरी मिळेल, एवढेच सांगितले जाते.

दुसरी गोष्ट कुरणाची. आपल्या महसुली दप्तराने माळरानाला नेहमी पडीक मानले. विदर्भातील ई-क्लास जमिनी पाहाव्यात. ज्याला उपयोग नाही ती पडीक, अशी साहेबी व्याख्या आपण स्वातंत्र्यानंतरही जशीच्या तशी चालविली. त्यामुळे गवताच्या जमिनी कधी अतिक्रमणात गेल्या, कधी प्रकल्पांना दिल्या गेल्या, तर कधी वनीकरणाच्या नावाखाली तेथे झाडे लावली गेली. मोकळ्या गवतावर जगणाऱ्या प्राण्याला दाट झाडोरा म्हणजे घर नव्हे. काळविटाला दूरवर दिसावे लागते आणि धावावयास मोकळे रान लागते. गाईम्हशींना, मेंढरांना आणि काळविटांना एकाच कुरणाची गरज असते. कुरण टिकले तर तिघेही टिकतात. त्यांच्यात भांडण लागते ते कुरण आटल्यामुळे.

या कामात आदर्श शोधण्यासाठी आफ्रिकेला जाण्याचे कारण नाही. अकोला-वाशिम भागातील काही फासेपारधी वस्त्यांनी गवताळ जमिनी राखण्याचे आणि तणमोरासारख्या पक्ष्याला अभय देण्याचे काम करून दाखविले आहे. तणमोर आज जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. ज्या जमातीला इंग्रजांनी गुन्हेगार ठरविले आणि जिला आपला पांढरपेशा समाज आजही संशयाने पाहतो, तिला गवताची आणि पाखरांची जाण सर्वांत अधिक आहे. फासे लावणाऱ्या हातांनी फासे खाली ठेवले, याचे श्रेय भीतीला नाही. कुरण आपले आहे या जाणिवेला आहे. मालकी आली की राखण येते, हा त्यातला धडा. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावांनी सामूहिक वनहक्काच्या बळावर हेच सिद्ध केले.

तिसरा मुद्दा संस्कृतीचा. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीला तेथे देशभरातून लोक येतात. तेथे नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुले झाले. चार मजल्यांची इमारत, तेरा दालने. एका उपेक्षित समाजाच्या इतिहासाला अशी वास्तू लाभावी ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु संग्रहालयातील बंजारा आणि तांड्यातील बंजारा यांत अंतर पडता कामा नये. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देश जोडणारी लदेणी रेल्वेने आणि इंग्रजांच्या धोरणाने मोडली. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये पुसला गेला असे कागद म्हणतो. आजही कित्येक तांडे महसुली गावाच्या दर्जासाठी झगडत आहेत, आणि दसरा-दिवाळी सरली की तांड्यातील जोडपी लेकरे घेऊन कामाच्या शोधात दूरवर जातात. फेटिया-कांचळीवरचा आरशांचा कशिदा पर्यटकाला आवडेल, होळीची लेंगी त्याच्यासाठी अवेळी गाऊनही दाखविली जाईल. केनिया-टांझानियात मसाईंच्या वस्त्या अशाच दाखविल्या जातात. प्रवेशाच्या पैशातील मोठा वाटा गाडीवाला आणि मध्यस्थच ठेवून घेतात, अशा तक्रारी तेथील अभ्यासकांनी नोंदविल्या आहेत. आपल्याकडेही कशिदा काढणारी बाई आणि तो विकणारा दुकानदार यांच्या मिळकतीत किती अंतर पडते, हे कार्यकर्त्यांनी तांड्यात बसून विचारावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. लोकांच्या हाती सर्व सोपविले तर प्राणी उरतील काय? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नसता तर काळवीट केव्हाच संपले असते, असे निसर्गप्रेमी मंडळी म्हणतात. कायद्याचे ऋण आपण नाकारू नये. शिकारीचे शौक पुरविणाऱ्या बड्यांना त्याच कायद्याने चाप बसविला. परंतु त्याच कायद्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. अभयारण्यात चराईवर नियंत्रण आणता येते, तशी ती नियमित करून चालूही ठेवता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर भटक्या पशुपालकांचाही चराईचा हक्क मान्य केला आणि सामूहिक वनसंपदेच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. म्हणजे कायद्यात जागा आहे. ती वापरण्याची इच्छा खात्याकडे नाही आणि ती मागण्याची संघटना आपल्याकडे कमी पडते. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातून जामणी, नवेगाव यांसारखी गावे उठली. प्रवेशद्वारांच्या आसपास महागडी विश्रामगृहे उभी राहिली. तेथील अनेक तरुणांना वाटाड्याचे आणि जिप्सी चालविण्याचे काम मिळाले, हेही खरे. परंतु मालक आणि मजूर यांच्यातील नाते त्याने पालटले नाही.

तेव्हा वाशिमच्या कार्यकर्त्यांनी आताच काही मागण्या निश्चित कराव्यात. अभयारण्यालगतच्या प्रत्येक ग्रामसभेत चराई आणि वनहक्काचे दावे तयार व्हावेत. पर्यटनाचे जे शुल्क आकारले जाईल त्याचा ठरीव वाटा थेट त्या ग्रामसभांच्या खात्यात जावा आणि त्याचा हिशेब गावात जाहीर वाचला जावा. पीकनुकसानीची भरपाई मेहेरबानी नसून हरणे पोसल्याचा मोबदला आहे, या तत्त्वावर ती ठराविक मुदतीत मिळावी. निवास, वाहने आणि वाटाडे यांची व्यवस्था गावच्या सहकारी संस्थांकडे असावी. ई-क्लास जमिनीवरील गवत राखणाऱ्या वस्तीला त्या गवतावर लेखी हक्क मिळावा. पोहरादेवीच्या परिसरात कशिद्याची विक्री बंजारा स्त्रियांच्याच संस्थेने करावी. आणि हे सर्व करताना शेती हाच जिल्ह्याचा पाया आहे याचा विसर पडू नये. ज्या शेतकऱ्याला सोयाबीनचा हमीभाव मिळत नाही, त्याचे दु:ख प्रवाशाने विकत घेतलेल्या चहाने हलके होणार नाही.

काळवीट या मातीचे आहे आणि गुराखीही याच मातीचा आहे. एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला उठविण्याचा मार्ग सेरेंगेटीत साठ वर्षे चालला, आणि त्यातून शांती आली नाही. आपल्या माळावर अजून तशी वेळ आलेली नाही. ती येऊ न देण्याचे काम ग्रामसभेच्या सतरंजीवर बसून करावयाचे आहे. प्रवाशांच्या गाड्या येण्यापूर्वी ते झाले, तर आलेल्या पाहुण्याचे स्वागत गाव मालक म्हणून करील.