शंका विचारण्याची मुभा

परगावच्या शाखेकडून तारेने पैसे देण्याचा आदेश येई, त्या काळी नुसत्या तारेवर भरवसा ठेवून बँकेत कोणी पैसे मोजत नसे. तारेत एक सांकेतिक अंक असे. गुप्त कोष्टकावरून तो अंक आपण पुन्हा काढायचा आणि जुळला तरच पैसे द्यायचे. मी बँकेत लागलो तेव्हा नवख्या अधिकाऱ्याला पहिला धडा हाच मिळे. पडताळून पाहणे हा कुणाचा अपमान नव्हे, ते आपले कामच आहे.

तारसेवा २०१३ साली बंद झाली. आदेश आता ई-मेलने येतात आणि लबाडही त्याच वाटेने येतो. ओळखीच्या नावाचे आमिष लावून तो गळ टाकतो. याला ‘फिशिंग’ म्हणतात.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांना असेच साधे मेल आले होते. कुणी तरुण नोकरी मागत होता आणि आपली माहिती उघडून पाहा म्हणत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर चोरीस गेले. आणखी सुमारे २ कोटी डॉलर वाचले, कारण आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतल्या एका बँकेने थांबून विचारणा केली. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेही कुठली तिजोरी न फोडता. यंत्रणेत घातक प्रणाली घुसवून.

‘हे मोठ्या शहरांचे दुखणे, आमच्या नांदुऱ्यात कोण येतो?’ असे म्हणणारे भेटतात. हमरस्त्यावरचा १०५ फुटी मारुती गावाची राखण करतो, हे खरे. पण पतसंस्थेच्या संगणकासमोर बसलेल्या मुलीची राखण आपल्यालाच करावी लागेल. ‘आमचे खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा’ असा मेल सरकी-कापसाच्या व्यापाऱ्यालाही येऊ शकतो.

रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. प्रशिक्षणेही होतात. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, घाई करणाऱ्या मेलपासून सावध राहा, पासवर्ड कुणाला देऊ नका, हे सारे शिकवले जाते आणि ते हवेच. पण माझ्या मते खरा धडा कर्मचाऱ्याला नव्हे, त्याच्या साहेबाला द्यायला हवा.

‘मी बैठकीत आहे, फोन करू नका, ही रक्कम ताबडतोब पाठवा,’ असा साहेबांच्या नावाचा मेल येतो. ज्या कारकुनाला शंका विचारल्याबद्दल चारचौघांत बोलणी बसली आहेत, तो फोन करील कसा? आणि ज्याच्या हातून नको ते बटण दाबले गेले, तो नोकरीच्या भीतीने दोन दिवस गप्प बसतो. चोराला तेवढेच हवे असते. त्याच क्षणी संगणकाचे जाळे तोडले, वरिष्ठांना आणि बँकेला कळवले, १९३० या क्रमांकावर फोन केला, तर गेलेला पैसा वाटेत अडवता येण्याची आशा असते.

म्हणून प्रत्येक कार्यालयप्रमुखाने आपल्या माणसांना उद्याच सांगावे, ‘माझ्या नावाने पैशाचा आदेश आला, तर आधी मला फोन करा. मी रागावणार नाही.’ आणि फोन आला, की खरोखरच रागावू नये.